१९९१ची मियाटा, दोन तक्रारी आणि शीटचं एक खोकं

गाडी माझ्दा एमएक्स-५ मियाटा, १९९१चं मॉडेल. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, दोनच सीटा, वर कापडी टप. गाव मिशिगनमधलं नोव्हाय. मालक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, जुना घरोबा असल्यामुळे मी त्यांना काकाच म्हणते. माझा पोटापाण्याचा उद्योग म्हणजे गाड्यांचे आवाज आणि कंपनं, आमच्या भाषेत एनव्हीएच, म्हणून काकांनी बोलावलं. तेही सल्ल्याला नव्हे, हाताखाली. ब्युटाइल रबराच्या डॅम्पिंग शीटचं, म्हणजे पत्र्याचं कंपन मारणाऱ्या चिकट चादरींचं, भलंमोठं खोकं गॅरेजात आधीच येऊन पडलं होतं. शनिवार-रविवारात सीटा आणि कार्पेट काढायचं, जिथे पत्रा दिसेल तिथे शीट चिकटवायची, वर फोम आणि आवाज अडवणारं जड व्हायनिल घालायचं आणि मोकळं व्हायचं, असा बेत होता. जुन्या स्पोर्ट्स कारच्या गोंगाटावर बहुतेक जण हाच बेत करतात, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहिते.

तक्रार खरं तर काकांची नव्हतीच, काकूंची होती. उन्हाळ्यात दोघं ट्रॅव्हर्स सिटीला जाऊन आले होते, नोव्हायहून चारेक तासांचा रस्ता. "अहो, क्लेअरपासून मी काहीतरी सांगतेय आणि तुम्ही नुसती मान हलवताय," हे काकूंचं पहिलं वाक्य (क्लेअर म्हणजे वाटेतलं एक गाव). आणि लगेच दुसरं, "घरी आल्यावर रात्रभर माझं डोकं भणभणत होतं." काकांचं उत्तर ठरलेलं होतं: "अगं, स्पोर्ट्स कार आहे ती, देवघर नाही."

या दोन वाक्यांत सगळं प्रकरण आहे. ऐकणाऱ्याला ती एकच तक्रार वाटते, पण त्या दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. माणसाचं बोलणं समजायला लागणारा आवाज मुख्यतः ५०० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. बोललेलं ऐकू येत नाही म्हणजे त्याच पट्ट्यात दुसरा कुठला तरी आवाज शिरलाय, आणि तो बहुधा वारा असतो किंवा टायरचा खसखसाट. डोकं भणभणतं ते सहसा खालच्या पट्टीतल्या एकसुरी घुमण्याने, १०० हर्ट्झच्या आसपासच्या. तो कानाला मोठा वाटतोच असं नाही, पण तास-दोन तास सोडत नाही. म्हणून काकांना म्हटलं, खोकं तूर्त बंदच राहू द्या, आधी एक चक्कर मारून येऊ.

चक्कर

एनव्हीएचवाल्याची निम्मी हत्यारं फुकट असतात. पहिलं हत्यार गिअर. आय-९६ हायवेवर ताशी ७० मैलांना पाचव्या गिअरमध्ये गाडी अगदी स्वच्छ घुमत होती, सीटच्या पाठीतून जाणवेल इतकी. त्याच वेगात चौथा गिअर टाकला. इंजिनचा आवाज चढला, पण ते घुमणं गायब झालं. वेग तोच, म्हणजे टायर तेवढेच फिरताहेत आणि वारा तेवढाच आहे. बदलले ते फक्त इंजिनचे फेरे. घुमणं टायरचं असतं तर गेलं नसतं.

हिशेब कागदावरही जुळतो. १८५/६०आर१४ टायरचा परीघ सुमारे १.८१ मीटर, डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांचं) गुणोत्तर ४.३, पाचव्या गिअरचं ०.८१४. ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३,६०० फेरे मारतं. चार सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्यामागे दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला १२०. काकूंच्या डोक्यातली ती भणभण १२० हर्ट्झची होती. चौथ्यात तोच आकडा १४८वर जातो आणि तिथे ही गाडी घुमत नाही.

गाडीखाली वाकून पाहिल्यावर उलगडा झाला. मागचा सायलेन्सर मूळचा नव्हता. आधीच्या कुणा मालकाने मोठ्या तोंडाचा, आतून जवळजवळ सरळ नळीचा सायलेन्सर बसवला होता. असे सायलेन्सर शहरात मजा देतात, हायवेवर मात्र एका ठरावीक फेऱ्यावर घुमतात. तो फेरा नेमका या गाडीच्या हायवेच्या वेगावर येऊन बसला होता.

दुसरं हत्यार न्यूट्रल. रस्ता मोकळा पाहून ७०वर क्लच दाबायचा, गिअर काढायचा आणि गाडी आपोआप हळू होईपर्यंत ऐकत राहायचं. इंजिन बाजूला पडलं की उरतो वारा आणि टायर. त्या दोघांत फरक कळतो तो वेगानुसार आवाज कसा उतरतो यावरून. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ५५ मैलांवरून ७०वर गेलात तर त्याने सहा डेसिबलची भर पडते. टायरचा आवाज त्याच वाढीत त्याच्या निम्म्याच्या आसपास चढतो. कान सरावला की हे मीटरशिवाय समजतं: वेग जरा उतरला की जो आवाज झपाट्याने मावळतो तो वारा. काकांच्या गाडीत ५५च्या खाली आल्यावर काकू जे बोलल्या असत्या ते ऐकू आलं असतं. उजवीकडच्या खिडकीच्या मागच्या कोपऱ्यात ६० मैलांच्या वर एक बारीक शिटीही होती.

तिसरं हत्यार टेप. रंगारी वापरतात ती निळी टेप. काका चालकाच्या सीटवर, मी शेजारी, आणि बाहेरून काकू. त्यांनी दोन्ही दारांच्या फटी, काचेची कड जिथे टपाला टेकते तो सांधा, समोरच्या काचेवरचा टपाचा जोड असं सगळं चिकटवून टाकलं आणि आम्हा दोघांना आत बंद केलं. शेजारचे आजोबा हिरवळ कापायचं थांबवून बघत उभे राहिले. तशीच गाडी हायवेवर नेली. फरक इतका होता की काकांनी आपणहून विषय काढला आणि आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत परतलो. मग एकेक पट्टी काढत पुन्हा चक्कर. सगळ्यात मोठा चोर निघाला खिडकीच्या मागच्या कोपऱ्यात, काच आणि टप जिथे भेटतात तिथे. दुसरा समोरच्या काचेच्या खांबाजवळ. नंतर गाडी उभी असताना दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. चालकाच्या बाजूला ती दोन ठिकाणी अलगद निघून आली. तीस वर्षांचं रबर चपटं होऊन बसलं होतं.

पत्रा, भोक आणि वीस डेसिबल

इथे थोडं गणित, कारण काकांसारख्या इंजिनिअरला ते पटल्याशिवाय खोकं बाजूला ठेवणं जमेना.

गाडीच्या जमिनीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटरचा, चौरस मीटरला सव्वासहा किलो. असा सपाट पत्रा १,००० हर्ट्झला ढोबळमानाने २९ डेसिबल आवाज अडवतो. त्यावर चौरस मीटरला पाच किलोचा जड व्हायनिलचा थर टाकला तर ३४. आता त्याच जमिनीला एक टक्का भोक आहे असं समजा. भोक काहीच अडवत नाही, त्यामुळे एकूण हिशेब साडेएकोणीसवर येऊन पडतो. जड थर टाकून पुन्हा मांडा: १९.८. पाच चौरस मीटरवर २५ किलो वजन चढवून हाती आला ०.३ डेसिबल.

आणि भोक होतंच. मियाटाच्या गिअरच्या दांड्याखाली रबराचे दोन बूट असतात. खालचा गिअरबॉक्सच्या तोंडावर बसतो, वरचा मोठा बोगद्याच्या, म्हणजे दोन सीटांमधल्या लांबट उंचवट्याच्या, पत्र्यातलं भोक झाकतो. या पिढीच्या गाड्यांत वयानुसार दोन्ही फाटतात, हे मियाटावाल्यांना पाठ आहे. मधला कन्सोल काढला तर वरचा बूट जवळजवळ अर्ध्या घेरात चिरलेला, कडा कडक होऊन वर वळलेल्या, आणि आत सगळीकडे गिअर ऑइलचा चिकट काळा थर. खालचाही गेलेला. त्या चिरेवर हात धरला तर नुकत्याच बंद केलेल्या गाडीची ऊब तळव्याला लागत होती. काका म्हणाले, "म्हणजे ऑगस्टात माझा पाय भाजायचा तो इथून!" गिअरबॉक्सची घरघर, एक्झॉस्टची उष्णता आणि रस्त्याचा आवाज, तिघांना एकच दार. नवे बूट आणले, दांड्याच्या तोंडातलं तेल बदललं आणि ते दार बंद झालं. या संपूर्ण प्रकरणात खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ कशाने दिलं असेल तर या दोन रबरांनी.

मागच्या शेल्फखाली, पेट्रोलच्या टाकीवरच्या झाकणांचे दोन बोल्ट बेपत्ता होते. तेही लावले. अशी कामं कुणी फोटो काढून दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं काही नसतं.

मग शीट कशासाठी

डॅम्पिंग शीट आवाज अडवत नाही. अडवते असा समज इतका पक्का आहे की दुकानदारही तसंच सांगतात. ती पत्र्याचं कंपन मारते, एवढंच. वाजत्या थाळीवर बोट ठेवलं की ती गप्प होते, तसं. बोट ठेवायला सगळी थाळी झाकावी लागत नाही. ब्युटाइलचा थर आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा अशी ही रचना, पत्रा थरथरला की मधलं ब्युटाइल ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते. मोठ्या सपाट पत्र्याच्या मध्यावर, त्याचा पाव ते चाळीस टक्के भाग झाकला की बहुतेक काम होतं. बाकीची शीट म्हणजे वजन आणि समाधान.

कुठे लावायची ते बोटांच्या पेरांनी ठोकून ठरवलं. जमिनीवर कंपनीने मुळातच डांबरी थर दिलेला आहे. तिथे ठोकलं की "ठप". तिथे काही करायची गरज नव्हती. मागचं शेल्फ, सीटांमागचा पडदा, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांचा बाहेरचा पत्रा मात्र "टण्ण" वाजत होते. तिथे तुकडे लावले. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, शीट हीट गनने जरा ऊबवून, वरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवून. थंड गॅरेजात ब्युटाइल नीट धरत नाही, आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबर लागला की गॅरेज थंडच असतं. दारांत खालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवली आणि काच खाली येते ती जागा आधी काच वर-खाली करून पाहिली.

पुण्या-नागपूरकडच्या वाचकांसाठी एक पुस्ती. छतावर पाणी गळू नये म्हणून मिळणारी डांबरी शीट स्वस्त पडते आणि दिसायला अशीच असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होते, वास सोडते आणि उभ्या पत्र्यावरून घसरते. ब्युटाइलच घ्यावं.

या टप्प्यावर काम अडलं, आणि अडायलाच हवं होतं. सीटांमागचं कार्पेट उचललं तर उजव्या बाजूचा स्पंज ओला. टपावरून येणारं पाणी सीटबेल्टच्या खांबामागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानांच्या चोथ्याने तुंबल्या होत्या आणि पाणी आत वळलं होतं. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. या गाडीच्या दारांखालच्या उंबऱ्यांना मागच्या चाकांपुढे गंज लागतो तो आतून, साचलेल्या पाण्याने. काकांचा मूळ बेत तसाच पार पडला असता तर ओल्या पत्र्यावर शीट, त्यावर फोम, त्यावर व्हायनिल असं बंद करून ठेवलं असतं आणि पुढची दोन-तीन वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. नळ्या साफ केल्या, पाणी ओतून खालून येतं का ते पाहिलं, स्पंज फेकला, पत्रा सुकवला. वरवरचा गंज घासून प्रायमर मारला. जमिनीतल्या रबरी बुचांवर काहीही चिकटवलं नाही. जुन्या गाडीत थर चढवायचा असेल तर आधी एक पावसाळा तिच्या जमिनीवर लक्ष ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

जड थर: फक्त मागे

काकांना तरीही जड व्हायनिल हवंच होतं. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मागच्या चाकांचा आणि डिकीतला आवाज शेल्फच्या पातळ पत्र्यातून थेट मानेमागे येतो, आणि तिथे कंपनीने कार्पेटशिवाय फारसं काही दिलेलं नाही. म्हणून तिथेच, सुमारे चौरस मीटरभर, आधी सहा मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम आणि वर व्हायनिल घातलं. फोम का, तर व्हायनिल पत्र्याला चिकटलं तर ते फक्त पत्र्याचं वजन वाढवतं. मध्ये फट राहिली तर दोन भिंती होतात. पण ही दुहेरी भिंत काम सुरू करते ती एका कंपनसंख्येच्या वरच. सव्वासहा किलोचा पत्रा, पाच किलोचं व्हायनिल आणि मध्ये सहा मिलिमीटर धरले तर ही हद्द ५०० हर्ट्झच्या जवळपास येते. म्हणजे बोलण्याच्या पट्ट्यात उपयोग, १२० हर्ट्झच्या घुमण्यावर शून्य. सायलेन्सर तसाच ठेवून अख्खी गाडी व्हायनिलने मढवली असती तरी काकूंचं डोकं भणभणलंच असतं.

सीटांखाली आणि पायाशी काही घातलं नाही. या गाडीत उंच माणसाचं डोकं आधीच टपाला लागायला आलेलं असतं. सीटखाली सेंटिमीटरभर थर म्हणजे तेवढी उंची गेली. पायाशी जाड थर ॲक्सिलरेटरच्या आड येतो, त्यात गंमत नाही. बोगद्यावर, एक्झॉस्टच्या वरच्या भागात, उष्णता सोसणारी पातळ पट्टी तेवढी लावली. डिकीत बाजूंना जाड फेल्ट दाबून बसवलं, पण बॅटरी डिकीतच असते आणि तिच्या वायूच्या नळ्या खाली बाहेर जातात. तो कोपरा मोकळा ठेवला.

वजनाचा हिशेब काकांनी स्वतः मांडला. तुकड्यांची शीट तीनेक किलो, व्हायनिल पाच, फोम आणि फेल्ट मिळून एखाद-दोन. जेमतेम दहा किलो. मूळ बेताप्रमाणे पाच चौरस मीटरवर शीट आणि व्हायनिल दोन्ही चढलं असतं तर चाळीस. साडेनऊशे ते हजार किलोंमधल्या गाडीत चाळीस किलो वळणावर जाणवतात. ही गाडी हलकी राहावी म्हणून मियाटाच्या प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई आणि त्यांच्या संघाने ग्रॅमाग्रॅमचा हिशेब केला होता आणि एक्झॉस्टचा सूरही मुद्दाम घडवला होता. घोडा आणि स्वार एक, ही त्यांची कल्पना. तो सूर मारून टाकायचा आणि वर वजन चढवायचं, तर मग टोयोटाची शांत, घरगुती कॅम्रीच घ्यावी. काकांनाही हे पटत होतं. त्यांना फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं.

टायर आणि सायलेन्सर

पैसे गेले ते इथे. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून कळलं की ते दहा वर्षांपेक्षा जुने आहेत. नक्षी भरपूर शिल्लक, म्हणून काकांनी बदलले नव्हते. रबर मात्र नखाने दाबलं जात नव्हतं. कडक रबर खडबडीत काँक्रीटवर जास्त वाजतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावसात धरत नाही. १४ इंचांत आता निवड फार उरलेली नाही. मिळाले त्यांतले शांत घेतले.

सायलेन्सर मूळच्या जातीचा, आतून खोल्या असलेला बसवला. हे काम वर्कशॉपमध्ये दुपारभरात झालं. काचेची ठेवण, टपाच्या कड्यांचे हूक आणि दाराची नवी रबरं यांना मात्र वेळ लागला. काच दाराच्या आत किंचित कलती करून टपाला घट्ट टेकवायची, पण इतकी नाही की दार लावताना अडेल. अर्धा फेरा स्क्रू, दार लावा, कागदाची पट्टी ओढा, पुन्हा अर्धा फेरा. काकूंनी हे काम काकांपेक्षा जास्त सफाईने केलं, कारण त्यांना घाई नव्हती.

मोजमाप, आणि फोनवर विश्वास का ठेवू नये

काकांनी प्रत्येक टप्प्यावर फोनच्या ॲपने आवाज मोजला. सायलेन्सर बदलल्यावर ७० मैलांना आकडा जेमतेम हलला आणि काका खट्टू झाले. काकू मात्र गाडीतून उतरताच म्हणाल्या, "गेलं ते." दोघंही बरोबर होते. बहुतेक ॲप डीबीए दाखवतात, म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून घेतलेले (ए-वजनाचे) डेसिबल, आणि त्यात १२५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे १६ डेसिबल कमी धरला जातो. डोकं उठवणारा सूर आकड्यात आधीही फारसा नव्हता, त्यामुळे तो गेल्याचंही आकड्यात दिसलं नाही. उलट काचेचा कोपरा आणि रबरं झाल्यावर आकडा तीनेक डेसिबलने उतरला. शीटच्या तुकड्यांनी आकडा हललाच नाही, पण दार लावल्याचा आवाज बदलला आणि काँक्रीटच्या सांध्यांवरची मागची खडखड विरली. या मॉडेलला सीटच्या डोक्याच्या उशीत छोटे स्पीकर यायचे, काकांच्या गाडीत ते आहेत. हायवेवर त्यांतून गाणं कळायला लागलं, हेही काकांनी वहीत नोंदवलं.

एक आवाज नवा आला. ६० मैलांच्या पुढे डिफरन्शियलची बारीक, वरच्या पट्टीतली कण्हण. ती आधीपासून होतीच, बाकीच्या गोंगाटाखाली झाकलेली. तेल बदललं, जरा कमी झाली. काका म्हणतात आणखी काही करायचं नाही.

राहिलंय ते टपाचं काम. मागची प्लास्टिकची खिडकी धुरकट झाली आहे आणि तिच्या झिपमधून अजून वारा बोलतो. पुढचा टप काचेच्या खिडकीचा, झिप नसलेला घ्यायचं ठरलं आहे. खोक्यातली अर्ध्याहून जास्त शीट तशीच उरली. ती काकूंच्या डिशवॉशरच्या पत्र्याला लावायचा काकांचा विचार आहे, आणि त्याला काकूंची ना नाही.